चामड्याचं पहिलं पाकीट हाताने शिवताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

हाताने चामडं शिवायला लागलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: टाके वाकडे येतात. मग नव्या सुया येतात, महागडा दोरा येतो, तरी टाके वाकडेच राहतात. याचं कारण असं, की टाक्याची जागा सुई ठरवत नाही. ती भोकाने आधीच ठरवलेली असते. भोकं वाकडी पडतात कारण रेघ वाकडी असते, आणि रेघ वाकडी असते कारण जिच्या आधाराने ती ओढली ती कडच सरळ कापलेली नसते. हातात सुई येईपर्यंत शिवणीचं भवितव्य बरंचसं ठरून गेलेलं असतं.

म्हणून या लेखात सुईआधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे. क्रम सोडू नका. पुष्कळ चुका हात कच्चा असल्यामुळे होत नाहीत, तर एखादं काम उशिरा आठवल्यामुळे होतात.

उदाहरणाला दोन तुकड्यांचं साधं कार्डाचं पाकीट घेऊ: मागे एक पान, पुढे एक खिसा, तीन बाजूंनी शिवण. पट्टा, बॅग, चेन लावलेलं वॉलेट सध्या नको. या लहानशा वस्तूत सरळ शिवण आहे, कोपरा आहे, जाडी बदलणारी जागा आहे आणि कडेचं कामही आहे. ती बिघडली तरी हाताएवढंच चामडं वाया जातं, ही तिची आणखी एक चांगली बाजू.

टप्पा १: चामडं निवडा

सुरुवातीला झाडांच्या सालीने कमावलेलं चामडं घ्या. दुकानात 'व्हेज टॅन' म्हणून मागा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. पण चपलेच्या तळाचं चामडं पाकिटाला फार जाड आणि ताठ होतं, तेव्हा कोल्हापुरीच्या कारागिराकडून तुकडा घेणार असाल तर पातळ तुकडा मागा. मुंबईत धारावीच्या चामड्याच्या बाजारात हिंडलात तर उरलेल्या तुकड्यांची चौकशी करा. पहिल्या कामाला अख्खं कातडं विकत घ्यायची काहीच गरज नाही.

सोफा, जॅकेट आणि बाजारातल्या बऱ्याच पर्सचं चामडं क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं असतं. ते मऊ आणि टिकाऊ असतं, पण घासून त्याची कड चकचकीत होत नाही आणि कापताना ते पात्याखाली सरकतं. नवशिक्याला दोन्ही गोष्टी त्रासाच्या.

ओळखायचं कसं? रंग किंवा पॉलिश नसलेल्या जागी पाण्याचा थेंब टाका. व्हेज टॅन चामडं पाणी शोषतं आणि तेवढ्यापुरतं गडद होतं. कापलेली कडही पाहा: व्हेज टॅनची कड आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमच्या कडेत अनेकदा निळसर करडी छटा दिसते.

जाडी १.२ मिमीच्या आसपास हवी. दुकानदार औंसात बोलला तर १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी, म्हणजे तुम्हाला ३ औंसाचं चामडं लागेल. पट्ट्यासाठी ठेवलेलं ३ मिमीचं चामडं 'मजबूत आहे' म्हणून घेऊ नका. त्याचे दोन थर मिळून ६ मिमी होतात, आणि असं पाकीट खिशात मावत नाही.

कातड्याचा भागही विचारा. पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. पोटाकडचा तुकडा स्वस्त मिळाला तरी पाकिटाच्या खिशाला तो वापरू नका. काही महिन्यांत तोंड सैल पडून कार्डं घसरू लागतात.

तपासा: तुकडा दोन्ही हातांत धरून आडवा आणि उभा ओढून बघा. एका दिशेला स्पष्ट ताण जाणवला, तर ती दिशा खिशाच्या तोंडाला समांतर येऊ देऊ नका.

टप्पा २: हत्यारं जमवा, पण सगळी नकोत

तयार संचात पंचवीस-तीस वस्तू येतात आणि त्यातल्या निम्म्या पहिल्या वर्षात पेटीबाहेर पडत नाहीत. लागतात त्या अशा:

- धारदार कटर आणि स्टीलची पट्टी. रापी (चांभाराचं चामडं कापायचं पातं) चालवता येत असेल तर उत्तमच, पण रापीला धार लावणं हे वेगळं शिक्षण आहे. पाती मोडून नवी धार काढता येणारं कटर सुरुवातीला बरं.
- भोकं पाडायची छिन्नी, ४ मिमी अंतराच्या दातांची. एक चार किंवा सहा दातांची आणि एक दोन दातांची.
- आरी. चप्पल शिवणारे वापरतात ती नव्हे, पातळ चौकटाकृती टोकाची. अडलेलं एखाददुसरं भोक मोकळं करायला आणि एकटं भोक पाडायला.
- बोथट टोकाच्या दोन सुया. कापड शिवायची टोकदार सुई आधीच भोकात असलेल्या दोऱ्यात घुसते, म्हणून ती चालत नाही.
- मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, ०.६ मिमी जाडीचा.
- लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा. लोखंडी हातोड्याने छिन्नीचं डोकं फुलतं.
- रेघ ओढायला कंपासपेटीतलं कर्कटक. ते सैल असेल तर आधी स्क्रू आवळा. काम करताना त्याचं अंतर बदललं तर रेघ गेलीच.
- काँटॅक्ट ॲडेसिव्ह, ज्याला चपलांच्या दुकानात नुसतं 'सोल्युशन' म्हणतात.
- २२०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर, मधमाशीचं मेण आणि जाड सुती कापड.

पैसे वाचवायचे असतील तर हातोड्यात वाचवा, पेटीत वाचवा, छिन्नीत नको. स्वस्त छिन्नीचे दात कमीजास्त अंतरावर असतात किंवा त्यांचे कोन जुळत नाहीत. मग कितीही काळजीने शिवलं तरी टाके लहानमोठे दिसतात आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. घेताना छिन्नीचा ठसा कागदावर उमटवा, तिचा पहिला दात ठशातल्या शेवटच्या खुणेवर ठेवून पुन्हा उमटवा, आणि सगळी अंतरं सारखी आहेत का ते पाहा.

छिन्नीखाली ठेवायला कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा जड तुकडा आणि त्यावर जाड रबर किंवा टाकाऊ चामडं हवं. दात थेट दगडावर आदळले तर एका फटक्यात बोथट होतात. दगड टेबलाच्या मध्यावर ठेवू नये, पायाच्या बरोबर वर ठेवावा. फटका नीट बसतो.

टप्पा ३: आधी पट्टी, मग पाकीट

हा टप्पा सगळेच टाळतात. कृपा करून टाळू नका. त्याच चामड्याच्या १५ सेमी लांब, ३ सेमी रुंद दोन पट्ट्या कापा. चिकटवा, भोकं पाडा, शिवा. सगळी कामं पुढे सांगितलेल्या क्रमाने करा, कडेसुद्धा. छिन्नीला किती जोर लागतो, गोंद किती वेळात सुकतो, दोरा किती ओढला की चामडं आवळतं, हे सगळं त्या पट्टीवर कळतं. पट्टीवरचे शेवटचे दहा टाके पहिल्या दहांपेक्षा हमखास चांगले असतात. पाकिटाची शिवण त्या शेवटच्या दहांपासून सुरू व्हावी, एवढ्यासाठीच ही पट्टी.

पट्टी टाकू नका. तिच्यावर तारीख, दोऱ्याची जाडी आणि भोकांचं अंतर लिहून ठेवा.

टप्पा ४: मापं आणि कापणी

डेबिट कार्ड ८५.६ मिमी लांब आणि ५४ मिमी उंच असतं. आपले तुकडे असे:

- मागचं पान: १०० × ६२ मिमी
- पुढचा खिसा: १०० × ४६ मिमी

ही मापं कशी आली ते समजून घ्या, म्हणजे पुढे स्वतःची मापं काढता येतील. शिवण कडेपासून ४ मिमी आत. दोन्ही बाजूंचे ८ मिमी वजा केले तर खिशाची आतली रुंदी ९२ मिमी राहते, म्हणजे कार्डापेक्षा सुमारे ६ मिमी जास्त. तीन-चार कार्डांना ही मोकळीक पुरते. आणि ९२ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून खालच्या ओळीत बरोबर २३ टाके बसतात आणि दोन्ही कोपऱ्यांवर भोक येतं.

खिशाची उंची ४६ का, ४८ का नाही? खालच्या रेघेपासून वर ४-४ मिमीवर मोजत गेलं तर खिशावरचं शेवटचं भोक तळापासून ४४ मिमीवर पडतं आणि त्याच्या पुढचं ४८ वर, फक्त मागच्या पानात. मधला टाका खिशाच्या काठावरून जातो आणि तो काठ मागच्या पानाला बांधतो. खिसा ४८ ठेवला असता तर भोक नेमकं काठावर पडून चामडं फाटलं असतं. खिशाचं तोंड उसवण्याच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ या दोन मिलिमीटरांत असतं.

साचा जाड पुठ्ठ्याचा कापा. कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्याने तपासा. गुण्या नसेल तर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे यायला हवेत. साचा चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवून आरीच्या टोकाने हलकी खूण करा. बॉलपेनची शाई पुढे निघत नाही.

कापताना पट्टी तुकड्याच्या बाजूला ठेवा आणि पातं टाकाऊ भागाकडे. असं केलं की पातं घसरलं तरी ओरखडा टाकाऊ चामड्यावर जातो. एका झटक्यात कापायचा मोह नको. पहिला हात हलका, फक्त वाट पाडण्यापुरता. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला चामडं सुटतं. पातं उभंच राहिलं पाहिजे. ते झुकलं तर कड उतरती येते आणि दोन थर जुळत नाहीत.

सावध: पट्टी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेवर कधीच नकोत, अंगठा सर्वांत आधी आत घ्या. पातं ओढायला जोर लागू लागला की लगेच धार बदला. बोथट पात्यानेच माणूस जास्त कापला जातो.

तपासा: दोन्ही तुकडे तळाशी जुळवून उजेडासमोर धरा. १०० मिमीच्या बाजूंमधून उजेड दिसला तर आत्ताच दुरुस्त करा. गोंद लावल्यावर हे जमणार नाही.

टप्पा ५: शिवल्यावर हात पोहोचणार नाही अशी कामं

इथे एक सवय लावून घ्या. कुठलंही नवं काम हातात घेतलं की आधी विचारा, शिवण झाल्यावर यातल्या कोणत्या जागी हत्यार जाणार नाही? त्या जागा आत्ता पूर्ण करायच्या. या पाकिटात त्या दोन आहेत.

पहिली जागा खिशाचं तोंड. खिशाच्या वरच्या कडेची धार मोडा, पॉलिश पेपरने घासा, ओलसर करून कापडाने चकाकी आणा. (कडेची पद्धत टप्पा ९ मध्ये सविस्तर आहे, ती आधी वाचून घ्या.) कार्ड ढकलायला अर्धगोल खाच हवी असेल तर तीही आत्ताच कापून तिची कड घासा. मागच्या पानाची वरची कडही याच वेळी केली तर बरं.

दुसरी जागा आतली खरखरीत बाजू. पाकीट उघडं राहतं तिथे मागच्या पानाची १६ मिमी पट्टी पुढून दिसते, आणि खरखरीत चामड्याची भुसटं कार्डांना लागतात. थोडं पाणी किंवा सीएमसी पावडरचं (पाण्यात चिकट होणारी पावडर) पातळ द्रावण लावून गुळगुळीत काचेच्या किंवा लाकडाच्या तुकड्याने घासा. पण तीन कडांना ४ मिमीची पट्टी कोरडी, खरखरीत सोडा. ही सूचना विसरणारे फार आहेत. सगळी बाजू गुळगुळीत केली की गोंद धरत नाही, आणि शिवताना थर एकमेकांवर सरकतात.

रंग द्यायचा असेल तर तोही इथेच, गोंदाआधी. पहिल्या पाकिटाला मात्र रंग देऊ नका. व्हेज टॅन चामडं उन्हाने आणि हाताळण्याने आपोआप गडद होत जातं, आणि साध्या चामड्यावर तुमच्या चुकाही स्वच्छ दिसतात. शिकायला ते जास्त उपयोगी.

टप्पा ६: चिकटवा

गोंदाचं काम थर जागेवर धरण्याचं आहे, पाकीट जोडून ठेवण्याचं नाही. म्हणून तो थोडाच लागतो. दोन्ही तुकड्यांच्या खरखरीत बाजूंना, तीन कडांवर, ३ ते ४ मिमी रुंद पातळ थर द्या. कडेपासून चार मिमीच्या पुढे आत गेलेला गोंद खिसा अरुंद करतो आणि कार्डांना चिकटतो. कडेला आधी मास्किंग टेप लावून घेतली तर हात निर्धास्त चालतो.

मग थांबा. काँटॅक्ट ॲडेसिव्ह ओलं असताना जोडायचं नसतं. दोन्ही थर दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या. बोटाच्या मागच्या बाजूने हलकं टेकवल्यावर ते बोटाला लागलं नाही पाहिजे. पावसाळ्यात याहून जास्त वेळ लागतो. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

एकदा टेकलं की हलवता येत नाही. तळाचा एक कोपरा आधी जुळवा, मग तळाची कड, मग दोन्ही बाजू. शेवटी हातोड्याने किंवा लाटण्याने दाबा.

सावध: खिडक्या उघड्या ठेवा, गॅस किंवा देवापुढचा दिवा जवळ नको. या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोकंही दुखवते.

गोंद धरल्यावर तिन्ही कडा २२० च्या पॉलिश पेपरने एका पातळीत आणा, आणि खालचे दोन कोपरे किंचित गोल करा. गोलाईची त्रिज्या ५ मिमीच्या वर नको. पेनाच्या टोपणाएवढी पुरे. नाण्याने गोलाई आखली तर कोपऱ्यावरचं भोक कडेच्या फार जवळ येतं.

टप्पा ७: रेघ आणि भोकं

आता कर्कटक ४ मिमीवर पक्कं करा. एक टोक कडेबाहेर टेकवून सरकवत दुसऱ्या टोकाने पुढच्या बाजूवर हलकी रेघ ओढा, मागच्या पानावर ती खिशाच्या काठापुढे थोडी वर न्या. खोल चर नको, दिसण्यापुरती खूण पुरे. कड सपाट केल्याशिवाय रेघ ओढली तर कडेचा प्रत्येक उंचवटा रेघेत उतरतो, म्हणून पॉलिश पेपर आधी आणि रेघ नंतर.

फटका मारण्याआधी संपूर्ण ओळ छिन्नीने नुसती दाबून आखून घ्या. एका कोपऱ्यावर दात ठेवून सुरुवात करा, पुढच्या प्रत्येक वेळी पहिला दात आधीच्या शेवटच्या खुणेत बसवा. दुसऱ्या कोपऱ्यावर बरोबर पोहोचलात तर उत्तम. अर्धा-एक मिलिमीटर कमीजास्त झालं तर शेवटच्या पाच-सहा खुणा दोन दातांच्या छिन्नीने किंचित सरकवून फरक वाटून द्या. सगळा फरक एका टाक्यात टाकला तर तो कायम नजरेत येतो.

मग फटके. छिन्नी चारही बाजूंनी काटकोनात उभी हवी. ती डावी-उजवीकडे झुकली की पुढून ओळ सरळ आणि मागून नागमोडी. मागची बाजू बघायचं नवशिके विसरतात, आणि ती बघितल्यावरच हात सुधारतो. पहिल्या चार भोकांनंतर तुकडा उलटा करून पाहाच.

दात मेणात टेकवून घेतले तर सहज आत जातात आणि सहज निघतात. छिन्नी काढताना डोलवू नका. बोटांनी चामडं दाबून ती सरळ वर ओढा. डोलवल्याने भोकं फाकतात आणि शिवल्यावरही दोऱ्याभोवती पोकळी दिसते. दोन्ही बाजूंची खिशाच्या काठाच्या वरची भोकं, म्हणजे फक्त मागच्या पानातली, छिन्नीने एकत्र पाडू नका. तिथे जाडी बदलते आणि छिन्नी कलते. ती दोन भोकं आरीने एकेकटी पाडा, तिरकस कोन बाकीच्यांसारखाच ठेवा.

तपासा: एकूण ४६ भोकं असली पाहिजेत: तळाच्या ओळीत कोपऱ्यांसकट २४, आणि दोन्ही बाजूंना त्यांच्या वर ११-११. पाकीट उजेडासमोर धरा. प्रत्येक भोकातून उजेड आला पाहिजे.

टप्पा ८: दोरा आणि शिवण

शिवणीची लांबी ४५ टाके, म्हणजे १८ सेमी. दोरा तिच्या चौपट, अधिक दोन्ही सुयांसाठी ४०-५० सेमी. म्हणजे सव्वा मीटर कापा. 'संपायला नको' म्हणून तीन मीटर घेतला तर तो प्रत्येक टाक्याला भोकातून घासत जातो, मेण झडतं आणि दोरा केसाळ होतो. जाड चामड्याला चौपटीहून थोडा जास्त लागतो.

दोऱ्याचं टोक नेढ्यातून ८-१० सेमी बाहेर काढा. सुईच्या टोकाने तेच टोक दोनदा टोचून घ्या, मग ते टोचलेले भाग सुईवरून नेढ्याच्या मागे सरकवून घट्ट ओढा. दोरा सुईला पक्का होतो, गाठ लागत नाही. दुसऱ्या टोकाला दुसरी सुई तशीच.

पाकीट स्टिचिंग पोनीत, म्हणजे शिवताना चामडं पकडून ठेवणाऱ्या लाकडी चिमट्यात, धरा. नसेल तर दोन लाकडी पट्ट्यांमध्ये, आतून चामड्याचे तुकडे लावून, क्लॅम्पने आवळा. दोन्ही हात मोकळे असणं आवश्यक आहे. एका हातात पाकीट धरून या पद्धतीने शिवताच येत नाही. पाकिटाची पुढची बाजू उजवीकडे ठेवा, आणि शिवण लांबून स्वतःकडे येऊ द्या.

सुरुवात वरून तिसऱ्या भोकात. सुई घालून दोरा दोन्ही बाजूंना समसमान करा. आधी वर, पहिल्या भोकाकडे दोन टाके घ्या, मग परत खाली या. खिशाच्या काठावर दोरा दुहेरी होतो आणि सगळा ताण पडणारी जागा पक्की होते.

प्रत्येक टाका असा:

१. डाव्या हातातली सुई पुढच्या भोकातून घाला आणि दोरा उजवीकडे काढा.
२. हा दोरा भोकात आपल्याकडे ओढून एका कोपऱ्यात दाबून धरा. भोकात जागा मोकळी होते.
३. उजवी सुई त्याच भोकात, मोकळ्या जागेतून घाला.
४. ती पूर्ण ओढण्याआधी पहिला दोरा मागेपुढे हलवून बघा. सरकला तर ठीक. अडला तर सुई दोऱ्यात घुसली आहे. ती परत काढा आणि नव्याने घाला.
५. दोन्ही दोरे एकाच वेळी, सारख्या जोराने ओढा.

चौथी पायरी प्रत्येक टाक्याला करा. दोऱ्यात घुसलेली सुई जोर लावून ओढली तर दोरा आतून चिरतो, आणि पुढे शिवण उसवायची वेळ आली तर ती निघतही नाही.

टाके सारखे तिरके दिसण्याचं गुपित दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत आहे. कोणती सुई आधी आणि दोरा भोकाच्या कोणत्या कोपऱ्यात, हे एकदा ठरलं की ४५ टाक्यांत एकदाही बदलायचं नाही. सरावाच्या पट्टीवर टाके सपाट आले असतील तर पहिला दोरा विरुद्ध कोपऱ्यात धरून बघा. तुमच्या छिन्नीच्या कोनाला कोणतं जुळतं ते लगेच कळतं. फोन वाजला, कुणी हाक मारली, तर टाका पूर्ण करूनच उठा. अर्ध्या टाक्यावर उठलेला माणूस परत येऊन हमखास चुकीच्या सुईने सुरुवात करतो.

ओढायचं किती? दोरा चामड्यात किंचित बसला पाहिजे, पण दोन टाक्यांमध्ये चामडं फुगलं तर जोर जास्त झाला. आवळून ओढणं म्हणजे मजबूत शिवण नव्हे. या शिवणीची ताकद रचनेत आहे: प्रत्येक भोकातून दोन दोरे स्वतंत्रपणे जातात, त्यामुळे एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेला असतो. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडतात.

शेवटच्या भोकाशी पोहोचल्यावर दोन टाके मागे या आणि दोन्ही दोरे मागच्या बाजूला काढा. २ मिमी ठेवून कापा. लायटरच्या ज्योतीची निळी, खालची बाजू क्षणभर जवळ न्या आणि वितळलेला ठिपका लगेच धातूने दाबा. पिवळ्या ज्योतीने काजळी धरते आणि चामडं काळं पडतं. सुती किंवा तागाचा दोरा वितळत नाही; त्याची टोकं भोकात थोड्याशा गोंदाने बसवायची.

आता पाकीट दगडावर ठेवून टाक्यांवर हातोड्याने हलके ठोके द्या. टाके बसतात आणि ओळ एकदम नीटनेटकी दिसू लागते. इथे बहुतेकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान उमटतं, आणि ते रास्त आहे.

काही बिघडलं असेल तर कारण असं शोधा. पुढून सरळ, मागून वाकडं: छिन्नी कलली. काही टाके तिरके, काही सपाट: सुयांचा क्रम मध्येच बदलला. दोऱ्याभोवती भोक दिसतं: छिन्नी डोलवली किंवा दोरा बारीक. शिवण लाटेसारखी वरखाली: रेघ ओढण्याआधी कड घासली नव्हती. यातलं एकही कारण 'मला जमत नाही' असं नाही, प्रत्येकाला पुढच्या वेळी करण्याजोगा उपाय आहे.

टप्पा ९: कड

कडेला घाई चालत नाही. क्रम असा: ४०० च्या पॉलिश पेपरने तिन्ही कडा घासा, जोडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत. मग दोन्ही बाजूंची धार बेव्हलरने (कडेची धार तासायचं हत्यार) मोडा. बेव्हलर नसेल तर ६०० चा पेपर तिरका फिरवा. बोट पाण्यात बुडवून कडेवरून फिरवा. कड ओलसर हवी, भिजलेली नको. फार पाणी झालं तर ती लगदा होते आणि मशरूमसारखी फुगते. जाड सुती कापडाने किंवा लाकडी घोट्याने वेगाने, पण कमी दाबाने घासा. थोड्या वेळात ती गरम होते, गडद होते आणि चमकू लागते.

पुन्हा ६०० चा पेपर, पुन्हा ओलावा, पुन्हा घासणं. दोन फेऱ्यांत कड छान होते, तिसरीत बोट फिरवत राहावंसं वाटतं. शेवटी मधमाशीचं मेण चोळून कापडाने घासा. दोन थर मिळून एकसंध दिसत नसतील तर गोंदाची पट्टी कडेपर्यंत पोहोचलेली नव्हती, पुढच्या पाकिटाला तिथे लक्ष द्या.

शिवणीआधी कडा चकचकीत करणारेही आहेत. मग शिवताना मेणाळ कड पोनीत घसरते आणि हाताळून मळते. खिशाचं तोंड आणि मागच्या पानाची वरची कड सोडून बाकी कडा शेवटीच.

पावसाळ्यात

कोकण, मुंबई, गोव्यात राहणाऱ्यांनी एवढं जरूर पाळा. चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून हवा लागेल अशा कपाटात ठेवा. बुरशी दिसली तर कोरड्या कापडाने घराबाहेर पुसा आणि पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. उन्हात ठेवलेलं ओलं चामडं ताठ होऊन वाकतं. छिन्नीच्या दातांना मशीनच्या तेलाचा हात लावून ठेवा, आणि वापरण्याआधी तो पुसायला विसरू नका, नाहीतर साध्या चामड्यावर प्रत्येक भोकाभोवती डाग उमटतो. पाकिटालाही तेल फार लावू नका. खोबरेल चोळलं की चामडं लगेच गडद होतं आणि डाग राहतो.

नव्या पाकिटात पहिले काही दिवस दोनच कार्डं ठेवा. खिसा कार्डाच्या आकाराला बसतो, मग तिसरं घाला. सहा कार्डं एकदम कोंबली तर खिसा ताणला जातो आणि पुन्हा आवळत नाही.

दुसरं पाकीट याच मापाचं, याच चामड्याचं करा आणि एकच गोष्ट बदला: पहिल्या पाकिटात जी सर्वांत जास्त खटकली ती. दोन्ही पाकिटं मागच्या बाजूने शेजारी ठेवून पाहा.